पासिंग २०२९ पर्यंत आणि सावळ घाटात मागचं चाक जाम

मखमलाबादकर

मंडळी, थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

भाच्याला सातपूरला नोकरी लागली. शिफ्ट आणि बसच्या वेळा यांचं काही जमेना, म्हणून त्याच्यासाठी जुनी गाडी घ्यायची ठरली. एका विकणाऱ्याकडे २००९ ची स्प्लेंडर प्लस मिळाली. हिरो आणि होंडा एकत्र होते तेव्हाची, टाकीवर जुनं नाव शाबूत. परजिल्ह्यातलं पासिंग. विकणारा म्हणाला, "काका, पंधरा वर्षं भरली तेव्हाच रीपासिंग करून घेतलंय. सप्टेंबर २०२९ पर्यंत बघायचं काम नाही." आरसीवर तारीख दाखवली, फोनवर एमपरिवहनमध्येही तीच. २६ हजार सांगितले, २४ ला तुटलं. मी बाकी काय बघितलं? एका किकमध्ये चालू होते, धूर नाही, लाइट-हॉर्न लागतो. ती तारीख बघूनच मी निर्धास्त झालो होतो, खोटं कशाला बोलू.

एकोणिसाव्या दिवशी काही कामासाठी मीच ती घेऊन पेठला निघालो. सावळ घाट उतरताना पुढच्या टेम्पोने वेग कमी केला, मी मागचा ब्रेक दाबला. खालून खट्ट आवाज आला आणि ब्रेकचं पेडल बुटाला खालून ठोसा मारावा तसं वर आलं. पाय काढून घेतला तरी चाक जामच. गाडी फरफटत कठड्याकडे निघाली. मग आणखी एकदा काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, चाक मोकळं झालं आणि पुढच्या ब्रेकवर कशीबशी थांबलो. कठडा हातभर लांब होता. बायको मागे बसणार होती, ऐन वेळी राहिली.

उतरून बघतो तर मागच्या ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी एका बाजूने सुटून लोंबत होती. बोल्टवर नट नाही. ब्रेकची प्लेट जागेवरून फिरलेली. मला मेकॅनिकमधलं फारसं कळत नाही, पण एवढं मलाही दिसलं. तर प्रश्न असा, की तपासून, सही-शिक्का मारून पाच वर्षं वाढवलेली गाडी अशी कशी निघते? त्या पासिंगला अर्थ काय?

तर्रीबाज

बाप रे. आधी सांगा, लागलं नाही ना? बाकीचं मागाहून.

मखमलाबादकर

गुडघा खरचटला. घरी अजून अर्धीच गोष्ट सांगितली आहे, तेव्हा इथलं कुणी आमच्या घरी येऊन बोलू नये.

पान्हा_दहाबारा

त्या पट्टीला टॉर्क रॉड म्हणतात. तुमच्या बाबतीत काय झालं ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटेल की ब्रेक फेल झाला. झालं उलटं, ब्रेक लागला तो सुटेनाच.

ड्रम ब्रेकमध्ये शू, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल डब्याला (ड्रमला) आतून घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे, ज्या प्लेटवर बसवलेले असतात ती प्लेट फिरता कामा नये. ब्रेक दाबला की शू ड्रमला धरतात आणि ड्रम त्या सगळ्या प्लेटलाच आपल्याबरोबर फिरवायला बघतो. तिला मागे ओढून धरायचं काम टॉर्क रॉडचं. तो सुटला तर प्लेट चाकाबरोबर निघते. तिच्यावरची ब्रेकची लिव्हर खालच्या बाजूला असते, ती मागे जाते, आणि लिव्हरला जोडलेली सळई ताणली जाते. सळई ताणली म्हणजे ब्रेक आणखी घट्ट. म्हणून पेडल उलटं वर आलं आणि पाय काढूनही चाक सुटलं नाही. शेवटी सळईच्या टोकाचा ॲडजस्टर नट आटे फाडून उडाला असणार, तोच तुमचा दुसरा आवाज. तो उडाला म्हणून आज इथे लिहिताय.

टॉर्क रॉडच्या नटाच्या मागे स्प्लिट पिन, म्हणजे बोल्टच्या भोकातून घालून दोन्ही पाय वाकवायची पिन, असते. चहाच्या कटिंगपेक्षा स्वस्त वस्तू. पिन असेल तर नट सैल झाला तरी पडत नाही. तुमच्या बोल्टला पिनचं भोक आहे का आणि त्यात गंज आहे का, बघून सांगा.

दोनस्ट्रोक

पासिंगला अर्थ काय म्हणता? अर्थ पाच वर्षांचा! मी माझी १९९५ ची यामाहा आरएक्स घेऊन गेलो होतो. कुठे ते सांगत नाही. चासी नंबरची पेन्सिलची छाप जुळवून बघितली, इंजिन नंबर बघितला, इंडिकेटर लावून बघितले, हॉर्न वाजवला. पुढचा नंबर. घड्याळ लावलं असतं तर तीन मिनिटं भरली नसती. गाडीवर कुणी बसलंसुद्धा नाही. तेव्हा माझ्या पुढच्या शॉकअबमधून ऑइल गळत होतं, मी घरून निघताना फडक्याने पुसून गेलो होतो. पास.

पर्यावरण कराचे २००० मात्र बरोबर मोजून घेतले.

तर्रीबाज

>> फडक्याने पुसून गेलो होतो

आणि वर तपासणीला नावं ठेवतोय. __/\__

दोनस्ट्रोक

अरे पण पुसलेलं ऑइल ओळखणं हेच तर तपासणाऱ्याचं काम ना?

वकिलीणबाई

कायदा काय म्हणतो ते एकदा सांगून टाकते, नाहीतर धागा शंभरी गाठेल आणि सगळे फिटनेस-फिटनेस करत बसतील.

फिटनेस सर्टिफिकेट, म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५६, हे व्यवसायाच्या गाड्यांसाठी आहे: ट्रक, बस, रिक्षा. खासगी दुचाकीला ते वेगळं लागत नाही. तिची नोंदणीच कलम ४१ प्रमाणे १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं. आपण ज्याला रीपासिंग म्हणतो ते हे. फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. दुचाकीची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० ची १००० झाली, उशीर केला तर महिन्याला ३०० वर. गाडी वीस वर्षांपुढची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून फी २०००. दिल्लीकडे पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद म्हणतात, तो नियम राजधानी परिसराचा. आपल्याकडे वयामुळे गाडी आपोआप भंगारात जात नाही.

आता तुमच्या कामाचं. काका, कलम १९० आहे. गाडीत धोकादायक दोष आहे हे चालवणाऱ्याला माहीत असेल, किंवा साधारण काळजी घेतली असती तर कळलं असतं, तरी त्याने ती रस्त्यावर आणली तर दंड १५०० पर्यंत. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. "माझ्याकडे २०२९ पर्यंतचं पासिंग आहे" हे त्यावर उत्तर होत नाही. समोर टेम्पोऐवजी सायकलवाला असता तर प्रश्न विकणाऱ्याला नाही, तुम्हाला विचारले गेले असते.

मखमलाबादकर

हे कलम ऐकलंच नव्हतं. 'साधारण काळजी' म्हणजे किती हो? नट मोजत बसायचं का माणसाने?

गेजवाला

मी अंबडला कारखान्यात २८ वर्षं क्वालिटीत, म्हणजे माल तपासण्यात, काढली. आता निवृत्त आहे, म्हणून वेळ भरपूर आणि बोलणं जास्त.

मखमलाबादकर, तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलंय: नट पासिंगच्या दिवशीही ढिला होता. हे तुम्हाला कुठून कळलं? आमच्याकडे कुठलीही तक्रार आली की पहिला प्रश्न हाच असायचा की पार्ट आमच्या दारातून असाच बाहेर पडला की नंतर कुणी हात लावला. पासिंग सप्टेंबर २०२४ चं. मधे वर्षाहून जास्त काळ गेला. त्या काळात मागचं चाक एकदाही खोलल्याशिवाय स्प्लेंडर चालली असेल तर ती म्युझियममध्ये ठेवा.

मागच्या टायरच्या कडेला लांबुळक्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचून सांगा. टॉर्क रॉड सोडल्याशिवाय ते चाक बाहेर निघत नाही, तेव्हा टायर कधी बसला हे कळलं की नट शेवटचा कधी फिरला तेही बरंचसं कळेल.

पान्हा_दहाबारा

काका, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मान गए.

मखमलाबादकर

आत्ता खाली जाऊन टॉर्च मारून आलो. २३२५. आणि बोल्टला पिनचं भोक आहे. आत गंज नाही, पण वाळलेलं ग्रीस आणि माती भरलेली आहे.

गेजवाला

म्हणजे टायर तयारच झाला २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात, जूनच्या सुरुवातीला. पासिंगनंतर नऊ महिन्यांनी. त्यानंतर कधीतरी कुणीतरी चाक काढलं, टायर चढवला, टॉर्क रॉडचा नट हाताने फिरवून वर पान्ह्याचा एक झटका दिला आणि पिन टाकायची राहिली. कदाचित पिन त्याच्याकडे नव्हती. संध्याकाळची वेळ, मागे दोन गिऱ्हाइकं उभी.

त्या तपासणाऱ्याने तीन मिनिटांऐवजी तीन तास घातले असते तरी हा नट त्याच्या बापाला दिसला नसता. त्या दिवशी नट जागेवर असेलही.

दोनस्ट्रोक

छान. सुटले सगळे निर्दोष. मग तपासणी करायचीच कशाला?

गेजवाला

निर्दोष कुणाला म्हटलं? एवढंच म्हणतोय की या नटाचा आरोप त्यांच्यावर टिकत नाही. बाकी गाडीत काय आहे ते अजून बघायचंय. वर्षानुवर्षं झिजणाऱ्या वस्तू असतात, त्यावर मात्र त्यांना धरता येईल.

लेस्टरवाला

मूळचा नाशिकरोडचा, सध्या इंग्लंडात. इथे एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, असते. गाडीला तीन वर्षं झाली की पहिली, मग दर वर्षी. बाइकला रोलरवर चढवून ब्रेक मोजतात, पुढचं चाक उचलून हँडलचं बेअरिंग बघतात, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघतात. पास झाली तरी "मागचा टायर संपत आलाय" अशा सूचना लिहून देतात, आणि गाडीचा नंबर टाकला की मागचा सगळा इतिहास कुणालाही ऑनलाइन दिसतो. जुनी गाडी घेताना मी आधी तो वाचतो. एकाच गोष्टीची सूचना तीन वर्षं लागोपाठ असली की मालक कसा आहे ते कळतं.

पण याच एमओटीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची अवस्था तपासत नाहीत, हे सरकार स्वतःच सांगतं. आणि ४० वर्षांपुढच्या गाड्यांना, मोठे बदल केलेले नसतील तर, २०१८ पासून एमओटीची सक्तीच नाही. म्हणजे सगळ्यात म्हाताऱ्या गाड्या मालकाच्या भरवशावर. माझ्या शेजाऱ्याकडे अशी एक ट्रायम्फ आहे, तो दर शनिवारी तिच्याखाली आडवा असतो.

तर्रीबाज

आपल्याकडे दर रविवारी मिसळीच्या हॉटेलाबाहेर बाइका उभ्या असतात. तपासणी फक्त तर्रीची.

देवळ्याचा_कांदेवाला

भो, एक शंका. माझी पीयूसी नेहमी एका दमात पास होते. मंग इंजिन चांगलंच असंल ना?

पान्हा_दहाबारा

नाही भाऊ. पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घालून गाडी आयडलला असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. एप्रिल २००० नंतरच्या कार्बोरेटरच्या दुचाकीला मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आत, आधीच्या गाडीला साडेचार. कार्बोरेटरच्या गाडीत हवेचा स्क्रू अर्धा आटा फिरवून आकडा खाली आणता येतो, बाहेर आलं की परत जागेवर. इंजिन ऑइल पीत असेल आणि गरम झाल्यावर निळा धूर काढत असेल तरी मोनॉक्साइड मर्यादेत बसू शकतो. बीएस-फोर या प्रदूषणाच्या मानकाच्या आधीच्या गाडीला पीयूसी सहा महिन्यांनी काढावीच लागते, ती काढा. पण इंजिनची नाडी त्यात बघू नका.

मखमलाबादकर, तुम्ही मखमलाबादला, मी म्हसरूळला. रविवारी सकाळी गाडी घेऊन या. ढकलत नको, टेम्पोत टाकून आणा. पैसे नकोत, चहा पाजा.

मखमलाबादकर

जाऊन आलो. तीन तास गेले आणि माझे डोळे उघडले. पान्हासाहेबांनी काय काय केलं ते लिहितो, ज्यांना माझ्याइतकंच कळतं त्यांच्यासाठी.

गाडी डबल स्टँडवर लावली, मला मागे बसवून पुढचं चाक अधांतरी केलं. त्यांनी दोन बोटांनी हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे नेलं. बरोबर मध्यावर, सरळ रेषेत, हँडल एका खाचेत बसल्यासारखं थबकलं. मग माझा हात तिथे ठेवून परत फिरवलं. रेडिओचं जुनं बटण स्टेशनवर टक्क करून थांबायचं ना, तसं. कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलेला. गोळ्यांनी वाट्यांमध्ये खळगे पाडलेत, आणि गाडी जास्त वेळ सरळच चालते म्हणून ते मधेच पडतात. मला एकोणीस दिवस वाटत होतं की गाडी "सरळ छान धरते"!

मग मागचा ब्रेक. प्लेटवर एक बाण असतो आणि त्याच्यासमोर खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत गेला तर शू संपले. माझा बाण खुणेच्या बराच अलीकडे होता, मी खूश. पान्हासाहेब हसले. लिव्हर जिच्यावर बसते त्या दांडीला बारीक दाते असतात. कुणीतरी लिव्हर काढून एक दाता पुढे सरकवून बसवली होती, म्हणजे संपलेले शूही पकडतात. बाणही त्याच्याबरोबर चुकीच्या जागी लावलेला. प्लेट उघडली तर शूचं लायनर नखाएवढं जाड राहिलेलं, एका बाजूला तर धातूच.

मागचं चाक हलवलं तर खडखड नाही, म्हणजे बेअरिंग आणि मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश ठीक. चाक फिरवत स्पोकवर पान्हा टकटक केला, दोन स्पोक बद्द वाजले, म्हणजे ढिले. शेवटी अंगणात पाणी ओतून दोन्ही टायर ओले केले आणि कोरड्या रस्त्यावर गाडी सरळ ढकलली. ओल्या खुणा एकावर एक पडल्या. म्हणजे दोन्ही चाकं एका रेषेत, चासी बहुतेक वाकडी नाही. हा एक प्रकार मला फार आवडला. पाण्याला खोटं बोलता येत नाही.

खर्च: कोनसेट, दोन्ही ब्रेकचे शू, सळई, नट, पिन, मजुरी धरून २,३५०. कोनसेट बसवायला पान्हासाहेबांच्या ओळखीच्या गॅरेजला गेलो.

गेजवाला

आता उत्तर देतो. कोनसेटचे खळगे सहसा एका वर्षात पडत नाहीत, ते सप्टेंबर २०२४ लाही बहुतेक होतेच, कमी असतील. चाक उचलून हँडल फिरवायला अर्धं मिनिट लागतं. हे दिसायला हवं होतं, इथे दोनस्ट्रोकशी मी सहमत. शूचं सांगता येत नाही, वर्षभरात ते पासिंगनंतरही संपू शकतात. लिव्हरचा दाता मात्र तपासणीला फसवायलाच सरकवलेला दिसतो. तपासणीलाच असं नाही, गिऱ्हाइकालाही.

दोनस्ट्रोक

सहमत म्हणालात, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

वकिलीणबाई

विकणाऱ्याकडे गेलात का? जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून परिवहन खात्याचं अधिकृत पत्र लागतं. ते त्याच्याकडे आहे का विचारा. आणि गाडी तुमच्या नावावर झाली का? फॉर्म २९-३० वर सह्या करून आरसी कपाटात ठेवणारे पुष्कळ बघितलेत.

मखमलाबादकर

गेलो होतो. म्हणाला, "काका, पासिंग दाखवलं होतं ना? जुनी गाडी म्हटल्यावर एवढं-तेवढं असतंच." पत्राचं विचारलं तर एकदम चहा मागवला. शेवटी हजार रुपये परत केले. भांडायची उमेद राहिली नाही, आणि गाडीचा सांगाडा चांगला निघाला म्हणून ठेवतोय. ट्रान्सफरचा अर्ज केलाय. थर्ड पार्टी विमाही नवा काढला, ७१४ आणि वर जीएसटी. जुना ऑक्टोबरमध्येच संपला होता, तेही मी बघितलं नव्हतं. हसू नका.

तर्रीबाज

हसत नाही. माझा स्वतःचा आत्ताच बघितला, परवा संपतोय.

दोनस्ट्रोक

आज मीही हँडल फिरवून बघितलं. मधे अडकतंय. या धाग्याचा निषेध.

मखमलाबादकर

सगळं काम झालं, भाच्याच्या हातात गाडी दिली. टॉर्क रॉडची पिन त्याने स्वतः बसवली. फोटो टाकतोय, मागचं चाक, नवा नट, नवी पिन. पान्हासाहेब, बघा, जमलंय की नाही?

पान्हा_दहाबारा

फोटो मोठा करून बघितला. नट चांगला बसलाय. पिनही आहे. पण पिनचे दोन्ही पाय सरळच आहेत, वाकवलेले नाहीत. पहिल्या खड्ड्याला बाहेर येईल. भाचा निघाला का?

मखमलाबादकर

निघाला होता. फोन केला, चोपडा लॉन्सजवळ थांबलाय. पक्कड घेऊन जातोय.